अश्रु ढाळणारी बुरशी

लंडन शहरांतील एखाद्या जुन्या घरांत पुष्कळ दिवस बंद असलेली खोली उघडावी, आणि मेजावर, खुर्च्यांवर, खिडकीच्या कट्ट्यावर तांबूस विटकरी रंगाची बारीक धूळ बसलेली दिसावी, असा प्रसंग त्या शहरांत पुष्कळ कुटुंबांवर आलेला आहे. धूळ झाडून टाकली तरी कांहीं दिवसांत ती पुन्हां हजर होते. मग कोणी जाणता सुतार येतो, अळंब्यांसारखा वास हुंगतो आणि पायाखालच्या फळींत चाकूचें टोंक खुपसतो. लोण्यांत जावें तसें तें आंत जातें. फळी उचलली म्हणजे खालीं कापसासारखें पांढरें जाळें दिसतें. त्यांतून पेन्सिलीएवढ्या जाड, करड्या रंगाच्या दोऱ्या निघून विटांच्या सांध्यांतून पलीकडे गेलेल्या असतात. आणि कोठें तरी कोपऱ्यांत धिरड्यासारखें पसरलेलें, पांढऱ्या कांठाचें, तांबूस मांसल असें एक फळ चिकटलेलें आढळतें. खोलींतील धूळ म्हणजे त्या फळांतून उडालेले बीजकण होत. लांकूड तपकिरी पडलेलें, चौकोनी तुकड्यांत भेगाळलेलें असतें, आणि चिमटींत दाबलें तर त्याचें पीठ होतें.

ह्या रोगास इंग्रजी भाषेंत ‘ड्राय रॉट’ म्हणजे कोरडी कूज म्हणतात. नांव फसवें आहे. कुजून गेलेलें लांकूड कोरडें दिसतें, यावरून तें पडलें. परंतु कोरड्या लांकडांत ही बुरशी रुजतच नाहीं. लांकडाच्या सुक्या वजनाच्या शेंकडा २० हून कमी पाणी त्यांत असेल तर तें निर्धास्त समजावें. त्या मानानें शास्त्रज्ञांनीं दिलेलें नांव अधिक खरें. ऑस्ट्रियांतील वुल्फेन या धर्मगुरूनें, जो वनस्पतींचाहि मोठा अभ्यासक होता, १७८१ सालीं हिचें वर्णन केलें आणि तिला ‘लॅक्रिमान्स’ म्हणजे अश्रु ढाळणारी असें विशेषण जोडलें. वाढत असलेल्या बुरशीच्या अंगावर पाण्याचे स्वच्छ थेंब डंवरून येतात, ते त्यानें पाहिले होते. पुढें कुळें बदलत बदलत तिचें नांव ‘सर्पुला लॅक्रिमान्स’ असें कायम झालें. अश्रु मात्र कोणीं पुसले नाहींत.

या बुरशीच्या इतिहासांत एक चमत्कारिक गोष्ट आहे. जी घरोघरीं माहीत, ती रानांत कोणास माहीत नव्हती. युरोपांतील अरण्यें वनस्पतिशास्त्रज्ञांनीं पिढ्यान्‌पिढ्या तुडविलीं, शेंकडों जातींचीं अळंबीं टिपून ठेविलीं, पण ही बुरशी तेथें त्यांना जवळजवळ भेटलीच नाहीं. जिचें अन्न लांकूड, ती झाडांच्या राज्यांत परकी आणि माणसाच्या घरांत सम्राज्ञी, हें कोडें कसें सुटावें? तें सुटण्यास पावणेदोनशें वर्षांहून अधिक काळ लागला, आणि त्याची किल्ली ओलीच्या हिशेबांत निघाली.

अरण्यांतील बुरशीचा संसार बहुतेक जमिनीखालीं चालतो. मृगाच्या सरी पडून गेल्यावर कोंकणांतील रानांत जीं अळंबीं डोकें वर काढतात, तीं केवळ फळें होत. खरें शरीर म्हणजे केंसाहून बारीक अशा तंतूंचें जाळें, तें मातींत आणि पडलेल्या पाचोळ्यांत वर्षभर पसरलेलें असतें. मातीच्या कणांभोंवतीं पाण्याची जी पातळ कांत असते तिच्या आधारानें हे तंतु अन्न विरघळवून घेतात. म्हणून ओल पाहिजे. परंतु ओल जितकी अधिक तितकी बुरशी अधिक, एवढें सोपें सूत्र येथें लागू पडत नाहीं. मातींतील सर्व पोकळ्या पाण्यानें भरून गेल्या कीं हवा कोंडते आणि बहुतेक बुरशा गुदमरतात. माती फार सुकली कीं तंतूंची वाढ थांबते. या दोन टोंकांच्या मध्यें जी जागा आहे तीच बुरशीची खरी भूमि, आणि अरण्यांत ती कधीं एकसारखी नसते. पडलेल्या खोडाखालीं ओल टिकते, त्याच खोडाच्या पाठीवर ऊन पडून साल तडकते. खळग्यांत पाणी सांचतें, उतारावरून तें निघून जातें. आज चिखल तर आठवड्यानें धूळ. प्रत्येक जातीस आपापल्या ओलीची जागा मिळते, आणि कोणा एकीस सगळें रान बळकावतां येत नाहीं.

स्वित्झर्लंडमधील एका राखीव अरण्यांत १९७५ ते १९९९ या काळांतील एकवीस हंगामांत, अवघ्या १५०० चौरस मीटर जागेंतील अळंबीं मोजण्याचें काम चिकाटीनें झालें. जाति भरल्या ४०८. ज्या वर्षीं जून ते ऑक्टोबरपर्यंत पाऊस भरपूर, त्या वर्षीं जातीहि अधिक दिसत. कोरड्या वर्षीं बऱ्याच जाति डोकेंच वर काढीत नसत. त्या मेल्या नव्हत्या, मातींत वाट पाहत होत्या. एवढ्याशा तुकड्यांत चारशेंहून अधिक बिऱ्हाडें, आणि पावसाप्रमाणें त्यांचें पुढेंमागें होणें, असें रानाचें वर्तन आहे.

आतां माणसानें काय केलें तें पाहावें. त्यानें झाड तोडलें, सोललें, चिरलें आणि चार भिंतींत नेऊन बसविलें. साल गेली, पाचोळा गेला, त्याबरोबर शेजारीपाजारीहि गेले. लांकूड कोरडें राहिलें तर कोणीच येत नाहीं. पण त्याला जर बेताची, न वाढणारी, न ओसरणारी अशी ओल मिळत राहिली, तर जी बुरशी प्रथम पोंचेल तिला आयतें, रिकामें घर मिळतें.

अशीं घरें पहिल्यानें समुद्रावर तरंगतांना दिसलीं. बायबलांतील लेवीय ग्रंथांत घराला लागणाऱ्या एका ‘कोडा’चें वर्णन आहे, भिंतींवर हिरवट तांबूस चट्टे पडल्यास धर्मगुरूनें घर सात दिवस बंद ठेवावें, दगड बदलावे, आणि कोड उलटल्यास घर पाडून टाकावें असें तेथें सांगितलें आहे, कित्येक लेखकांनीं ही बुरशी तीच, असें ठरवून टाकलें. परंतु पॅलेस्टाईनसारख्या उष्ण व कोरड्या मुलखांतील तो उल्लेख या थंडीच्या भक्त बुरशीस लावणें ओढूनताणून आणल्यासारखें होतें. इंग्लंडच्या आरमाराची साक्ष मात्र पक्की आहे. १६७७ सालीं पार्लमेंटनें ३० नवीं युद्धजहाजें बांधण्यास पैसा मंजूर केला. सात वर्षांनीं, १६८४ सालीं, सॅम्युएल पेपिस हा आरमाराचा कारभारी पुन्हां अधिकारावर आला तेव्हां त्यांतील कित्येक जहाजें समुद्राचें तोंड न पाहतांच बंदरांत कुजत पडलीं होतीं. तळघरें झाडलेलीं नव्हतीं, झडपा बंद होत्या, आंत वारा खेळत नव्हता. पेपिसनें आपल्या मुठीएवढालीं अळंबीं स्वतःच्या हातांनीं तेथून खुडलीं, असें त्यानें आपल्या आरमारविषयक स्मरणग्रंथांत लिहून ठेविलें आहे. जहाज बाहेरून पाण्यांत आहे याचा येथें फारसा संबंध नाहीं. समुद्राच्या खाऱ्या पाण्यांत बुडालेली फळी या रोगापासून बहुधा वांचते. आंतील कोंदट दमट पोकळी, गोड्या पाण्याची पावसाची गळती आणि नीट न वाळविलेलें ओकचें लांकूड, हा त्रिदोष.

या दोषाचें मोल माणसांच्या प्राणांनीं मोजण्याची वेळ २९ ऑगस्ट १७८२ रोजीं आली. ‘रॉयल जॉर्ज’ हें १०० तोफांचें जहाज पोर्टस्मथजवळ स्पिटहेड येथें नांगरलेलें होतें. किरकोळ दुरुस्तीकरितां तें एका कुशीवर कलतें केलेलें असतां एकाएकीं बुडालें. अ‍ॅडमिरल केंपेनफेल्ट बुडाला, खलाशी बुडाले, आणि त्यांना भेटावयास आलेल्या बायका व मुलेंहि बुडालीं. मृतांची संख्या आठशेंच्या वर गेली. लष्करी न्यायसभेनें अधिकाऱ्यांना दोषमुक्त केलें आणि लांकूड सर्वत्र कुजलेलें असल्यामुळें सांगाड्याचा एखादा मोठा भाग निखळला असावा, असा निर्णय दिला. पुढील अभ्यासकांस हा निर्णय पटला नाहीं. जहाज वाजवीहून अधिक कलतें करून खालच्या तोफांचीं दारें उघडीं ठेविलीं, त्यांतून पाणी आंत शिरलें, असें त्यांचें म्हणणें आहे, आणि तें अधिक संभवनीय दिसतें. पण शंभर तोफांच्या जहाजाचें बूड कुजून पडूं शकतें, हें न्यायसभेला खरें वाटलें, यावरूनच त्या काळच्या आरमाराची अवस्था कळते.

नेपोलियनशीं युद्ध चाललें असतां घाई आणखी वाढली. ओक वाळविण्यास वर्षें लागतात. शत्रु तितकी वाट पाहत नाहीं. १८१० च्या जुलई महिन्यांत डेटफर्डच्या गोदींतून ‘क्वीन शार्लट’ हें प्रचंड जहाज पाण्यांत सोडलें, आणि युद्धावर जाण्यापूर्वींच तें कुजलेलें आढळलें. अखेर आरमाराच्या अधिकाऱ्यांनीं जेम्स सॉवर्बी या निसर्गशास्त्रज्ञास पाचारण केलें. वनस्पतींचीं आणि अळंब्यांचीं सुंदर चित्रें काढणारा हा गृहस्थ १८१२ सालीं युद्धजहाजाच्या पोटांत शिरून बुरशा पाहूं लागला, हें दृश्य मोठें गमतीचें असलें पाहिजे! तेथें त्याला एक नव्हे, अनेक जाति आढळल्या. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते कीं, त्या काळीं ज्याला सरसकट कोरडी कूज म्हणत, तो सर्वच उपद्रव अश्रु ढाळणाऱ्या बुरशीचा नव्हता. जहाजाचें पोट अजून अर्धें रान होतें. कच्च्या लांकडाबरोबर तेथें रानांतले पाहुणेहि आले होते. पुष्कळ दुरुस्ती होऊन हेंच जहाज १८१६ सालीं अल्जीअर्सवरील तोफमाऱ्यांत अग्रभागीं होतें.

त्याच १८१० सालीं, महिनाभर आधीं, मुंबईच्या गोदींतून दुसरें एक युद्धजहाज पाण्यांत उतरलें होतें. जमशेटजी बमनजी वाडिया यांनीं बांधलेलें तें ‘मिंडेन’. त्याचें लांकूड सागाचें. सागाच्या अंगीं जें तेल व जीं द्रव्यें असतात त्यांमुळें बुरशीला तो सहजासहजीं पचत नाहीं. ‘मिंडेन’ १८६१ पर्यंत टिकलें. वाडियांच्याच गोदींत १८१७ सालीं बांधलेलें ‘ट्रिंकोमाली’ तर अद्याप इंग्लंडमध्यें हार्टलपूल येथें पाण्यावर तरंगत असून लोक तें पाहावयास जातात. महाराष्ट्रांतील जुन्या वाड्यांकडे पाहिलें तरी हीच समज दिसते. जोतें दगडाचें, खांब लांकडाचा, आणि खांबाचा पाय मातींत न रोवतां दगडी तळखड्यावर ठेविलेला. जमिनीची ओल दगडापाशीं अडावी, लांकडांत चढूं नये, हें ग्रंथ न वाचतांहि गवंडी-सुतारांना ठाऊक होतें.

इंग्लंडांत सागावर भागण्यासारखें नव्हतें, तेव्हां विषाचे प्रयोग सुरू झाले. वुलिच येथील गोदींत आरमारानें एक खड्डाच राखून ठेविला होता, त्याला बुरशीचा खड्डा म्हणत. लांकडाची परीक्षा घ्यावयाची तर तें त्या दमट अंधाऱ्या खड्ड्यांत टाकावयाचें. जॉन हॉवर्ड काइअन या आयरिश गृहस्थानें रसकापूर मुरविलेला ओकचा ठोकळा १८२८ सालीं त्यांत ठेविला. तीन वर्षांनीं काढला तो निकोप निघाला, आणि १८३२ सालीं त्यानें आपल्या कृतीचे हक्क मिळविले. रसकापूर महाग आणि जालीम. १८३८ सालीं बेथेल यानें दगडी कोळशाच्या डामरापासून निघणारें क्रिओसोट तेल लांकडांत दाबून भरण्याची युक्ति काढली, ती अधिक चालली. पुढें जहाजेंच लोखंडाचीं झालीं आणि आरमाराची ही पीडा टळली.

पीडा टळली ती आरमाराची, शहरांची नव्हे. एकोणिसाव्या शतकांत लंडन, बर्लिन यांसारखीं शहरें झपाट्यानें वाढलीं. इंग्लंडांत घर बांधण्याची सामान्य रीत अशी कीं, खालीं उघडी माती, तिच्यावर थोडी पोकळी, आणि त्या पोकळीवर तुळया टाकून फळ्यांची भुई. पावसाची ओल मातींतून पोकळींत वाफेच्या रूपानें चढते आणि विटांतूनहि वर सरकते. हें जाणून भिंतीच्या पायथ्याशीं स्लेट किंवा डामर यांचा ओल अडविणारा थर घालण्याची व पोकळींत वारा खेळावा म्हणून जाळीच्या विटा बसविण्याची पद्धति पडली. योजना उत्तम, परंतु घरांत राहणाऱ्यानें ती मोडली. हिंवाळ्यांत पाय गारठतात म्हणून जाळ्यांत चिंध्या कोंबल्या. बाहेर फुलझाडें लावण्यासाठीं मातीचा ढीग भिंतीशीं रचला, तो ओलीच्या थरावर चढला. झालें! मातीची ओल घरांत आली आणि वारा बाहेर राहिला. रानांत जी ओल घटकेघटकेला बदलते, ती येथें बाराहि महिने एकसारखी कोंडली गेली. अश्रु ढाळणारी बुरशी ह्याच जागेची जणूं वाट पाहत होती. तिच्या त्या जाड दोऱ्या म्हणजे पाण्याचे पाटच. एके ठिकाणीं ओल मिळाली कीं ती वाहून नेऊन, विटांची भिंत ओलांडून, ती पलीकडच्या लांकडावर बसते. तिच्या अंगांतून एक आम्ल निघतें, तें वाजवीहून अधिक सांचलें तर तिलाच बाधावें. पण भिंतीच्या गिलाव्यांतील चुना तें मारून टाकतो. गवंड्यानें घर मजबूत व्हावें म्हणून घातलेला चुना या पाहुणीच्या पथ्यावर पडला!

इतकें होऊनहि विद्वानांत एक वाद बराच काळ चालला होता. बुरशीमुळें लांकूड कुजतें, कीं लांकूड कुजल्यामुळें त्यांतून बुरशी उपजते? दुसरें मत फार जुनें आणि लोकप्रिय. तें खोडून काढण्याचें श्रेय मुख्यतः म्यूनिक येथील वनशास्त्रज्ञ रोबर्ट हार्टिग याला आहे. कुजणाऱ्या लांकडांत बुरशीचे तंतु आधीं शिरलेले असतात, हें त्यानें सूक्ष्मदर्शकाखालीं दाखविलें, आणि १८८५ सालीं घर कुजविणाऱ्या या बुरशीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मागाहूनच्या संशोधकांनीं उष्णतेच्या मर्यादा मोजल्या. २० अंश सेंटिग्रेडच्या सुमारास ही उत्तम वाढते. २६-२८ अंशांच्या पुढें हिची वाढ थांबते. मुंबईची ओल हिला आवडली असती, पण मुंबईचा उन्हाळा सोसला नसता.

दुसऱ्या महायुद्धांत लंडनवर बाँब पडले, तेव्हां हिला जें वैभव आलें तें पूर्वीं कधीं आलें नव्हतें. छपरें उडालीं, आग विझविण्याकरितां सोडलेलें पाणी भुईखालच्या पोकळींत मुरलें, माणसें गांव सोडून गेलीं आणि घरें वर्षानुवर्षें बंद राहिलीं. युद्ध संपल्यावर परत आलेल्यांना बाँबनें वांचविलेलें घर बुरशीनें खाल्लेलें आढळे. लांकडाचीहि तेव्हां टंचाई होती. प्रिन्सेस रिझबरो येथील सरकारी प्रयोगशाळेंत लांकडाच्या कुजीवर काम करणाऱ्या कार्टराइट व फिंडले यांचा ग्रंथ १९४६ सालीं निघाला, तो अगदीं वेळेवर निघाला म्हणावयाचा.

आतां राहिलें तें मूळ कोडें. हिचें माहेर कोणतें? १९५४ सालीं डेहराडून येथील वनसंशोधनसंस्थेंतील शास्त्रज्ञ बागची यांनीं ही बुरशी हिमालयांतील अरण्यांत आढळल्याचें प्रसिद्ध केलें. उंचावरील थंड हवा, फर व स्प्रूस यांचीं झाडें, आणि त्यांचे पडलेले ओंडके. तेथें ती रानटी स्थितींत राहत होती. पुढल्याच वर्षीं कॅलिफोर्नियांतील शास्ता पर्वतावरहि तिच्यासारखीच एक बुरशी सांपडल्याची नोंद झाली. १९९० नंतर डेन्मार्क, ब्रिटन व भारत येथील संशोधक मुद्दाम हिमालय चढून तिचा शोध घेऊन आले. ती तेथें होती, पण तुरळक. अखेर २००७ सालीं नॉर्वेचा काउसेरुड व त्याचे सहकारी यांनीं जगाच्या निरनिराळ्या भागांतील नमुन्यांचे आनुवंशिक द्रव्य ताडून पाहिलें. निष्कर्ष असा निघाला कीं, शास्ताची बुरशी ही निराळी, रानांतच राहिलेली बहीण; आणि घरें कुजविणारीचें मूळ आशियांत. आशियांतील नमुन्यांत विविधता पुष्कळ, युरोपांतील घराघरांतून घेतलेल्यांत ती फारच थोडी. म्हणजे मूठभर पूर्वज लांकडाच्या व माणसाच्या संगतीनें तिकडे गेले, आणि त्यांच्याच वंशानें एवढा मुलूख व्यापला. ज्या बुरशीनें राजाचीं घरें आणि गरिबांचीं घरें सारखींच खाल्लीं, तिचें युरोपांतील सारें गोत मोजक्या घराण्यांचें निघालें.

यापुढचा धागा २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत हातीं आला. घरांतील बुरशी आणि शास्ता पर्वतावरील तिची बहीण या दोघींना प्रयोगशाळेंत लांकडावर वाढवून त्यांची तुलना केली. रिकाम्या लांकडावर घरांतली फार झपाट्यानें पसरली. स्प्रूसचें लांकूड तिनें लौकर फस्त केलें. मग दुसऱ्या रानटी बुरशा तिच्यासमोर आणून ठेविल्या. तेथें मात्र ही शहरांची सम्राज्ञी मागें हटली, आणि शास्ताची बहीण तिच्यापेक्षां नेटानें झुंजली.